चावडीच्या भिंतीतला दगड

इराकमधल्या बसऱ्याच्या युद्धस्मारकावर पहिल्या महायुद्धातल्या चाळीस हजारांहून अधिक मृतांची नोंद आहे. 1929 मध्ये ते उघडले गेले. त्याच्या फरशांवर काय कोरायचे हे ज्यांनी ठरवले, त्यांनी मध्ये एक रेघ ओढली होती. मृत ब्रिटिश सैनिक असेल तर त्याचे नाव कोरायचे, मग तो साधा शिपाई का असेना. हिंदी पलटणीतला अधिकारी असेल, अगदी सुभेदार किंवा जमादार असेल, तरी त्याचे नाव कोरायचे. हिंदी हवालदार, नाईक आणि शिपाई यांच्या वाट्याला मात्र नाव आले नाही. वर पलटणीचे नाव, खाली अधिकाऱ्यांची नावे आणि शेवटी एक आकडा: याशिवाय इतके हिंदी सैनिक.

त्या आकड्यात कोण आहेत, याचे उत्तर बसऱ्यात मिळत नाही, आपल्याकडे मिळते. नोव्हेंबर 1914 मध्ये मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, उतरलेली सहावी डिव्हिजन पुण्याची होती. तिच्यात 103, 110 आणि 117 या मराठा पलटणी होत्या आणि त्यांतली पुष्कळ माणसे सातारा, रत्नागिरी, कोल्हापूर या भागांतली. हीच डिव्हिजन टायग्रिस नदीच्या काठी कूत इथे वेढ्यात सापडली. 147 दिवसांनी, 29 एप्रिल 1916 रोजी, तिने शरणागती पत्करली. त्या काळात उपासमार होती, भाजीपाल्याअभावी स्कर्व्हीने हिरड्या सडत होत्या, आणि घोड्याचे मांस खायचे की नाही या पेचात हिंदी शिपाई कुढत होते. पुढे कैद्यांना वाळवंटातून चालवत नेले. सेनापती टाउनशेंड इस्तंबूलजवळच्या एका बेटावर सुखात राहिला. त्याच्या हुकुमाने लढलेली माणसे रस्त्याच्या कडेला पडत गेली.

युद्ध संपल्यावर सरकारने आपल्याकडच्या अनेक गावांत एक छोटी संगमरवरी पाटी बसवली. कुठे चावडीच्या भिंतीत, कुठे शाळेच्या ओट्यावर, कुठे देवळाच्या आवारात. मजकूर सगळीकडे सारखाच असतो: या गावातून इतके लोक 1914 ते 1919 च्या महायुद्धाला गेले आणि त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. साताऱ्याजवळच्या अपशिंग्याला आज सगळे ‘मिलिटरी अपशिंगे’ म्हणूनच ओळखतात. त्या गावाने पहिल्या महायुद्धात 46 माणसे गमावली. गावाला या आकड्याचा अभिमान आहे आणि तो असायलाच हवा, कारण तिथे घरटी एक तरी माणूस फौजेत गेलेला आहे. पण गावोगावच्या या पाट्यांवरही आकडाच आहे. साम्राज्याने बसऱ्यात जे केले, तेच आपल्या चावडीतही केले.

त्या वेळी गावाला याची उणीव भासली नसेल, हे मी समजू शकतो. कोणाचा मुलगा गेला, कोणाचे कुंकू पुसले, हे सगळ्या गावाला तोंडपाठ होते. ज्या विहिरीवर ती बाई पाणी भरायला यायची, तिथे पाटी लावायची गरज नव्हती. पण तोंडपाठ असलेली गोष्ट दोन पिढ्या टिकते. आज त्या पाटीसमोर उभे राहून कोणते घर कोणाचे, हे सांगणारा माणूस बहुतेक गावांत उरलेला नाही. आकडा तेवढा शाबूत आहे.

विशेष म्हणजे, ज्या संस्थेने बसऱ्याचे स्मारक घडवले तिचे तत्त्व नेमके उलटे होते. 1917 मध्ये स्थापन झालेल्या इंपीरियल वॉर ग्रेव्हज कमिशनने मृतांमध्ये हुद्दा, वंश, धर्म असा भेद करायचा नाही असे ठरवले होते. युरोपात ते बऱ्याच अंशी पाळलेही गेले. फ्रान्समधल्या नव शापेलच्या हिंदी स्मारकावर 4700 हून अधिक नावे आहेत. तिथेच ऑक्टोबर 1914 मध्ये बॉम्बे सॅपर्सच्या 20 आणि 21 क्रमांकाच्या कंपन्या शीख पलटणीबरोबर गावात घुसल्या आणि पार मोडून गेल्या. तिथे नावे आहेत, कारण तिथे युरोपची नजर होती. मेसोपोटेमियात आणि पूर्व आफ्रिकेत ती नव्हती, म्हणून तत्त्व गुंडाळून ठेवता आले. शंभर वर्षांनी, एप्रिल 2021 मध्ये, त्याच संस्थेने नेमलेल्या समितीने हे कबूल केले. 45 ते 54 हजार मृतांचे स्मरण इतरांच्या बरोबरीने झाले नाही, आणि किमान 1 लाख 16 हजार, कदाचित साडेतीन लाखांपर्यंत माणसांचे नावानिशी स्मरण झाले नाही किंवा मुळीच झाले नाही, असे तिचा अहवाल सांगतो. ब्रिटिश संसदेत माफी मागितली गेली.

माफी मागितली, बरे झाले. पण मला त्या माफीशी फारसे कर्तव्य नाही. माझा प्रश्न आपल्याला आहे. लढाईत मेलेल्या माणसाचे गावाने नेमके काय लक्षात ठेवायचे असते, आणि ते कोणी?

आपल्या मातीत याची एक जुनी पद्धत आहे. गावाच्या वेशीवर, जुन्या शिवालयाच्या आवारात वीरगळ उभे असतात. त्यांची मांडणी ठरलेली. सर्वांत खाली पडलेला वीर, नाहीतर तो ज्या गाईगुरांसाठी लढला ती गुरे. त्याच्या वर लढाई. त्याच्या वर अप्सरा त्याला स्वर्गात नेताना. अगदी वर शिवलिंगाची पूजा आणि दोन्ही बाजूंना चंद्र-सूर्य. बोरिवलीजवळ एक्सरला तर समुद्रावरच्या लढाईचे वीरगळ आहेत; वल्ह्यांच्या रांगा असलेली जहाजे त्यांवर स्पष्ट दिसतात. महाराष्ट्रातल्या बहुतेक वीरगळांवर अक्षर नाही. वीर कसा मेला हे दगड सांगतो, तो कोण होता हे सांगत नाही. गावाने त्याला शेंदूर लावला, नारळ फोडला आणि हळूहळू तो माणूस न राहता देव झाला.

घरातल्या देव्हाऱ्यातही तेच घडले. चांदीच्या टाकावरचा घोडेस्वार हा अनेक घराण्यांत लढाईत पडलेला पूर्वज असतो. नाशिकला आणि आसपास धुळवडीला हे वीर मिरवत नेतात, वाजतगाजत नाचवतात. मला ही प्रथा फार मोलाची वाटते. मेलेल्या माणसासाठी घरातल्या एकाने वर्षातून एक दिवस राखून ठेवायचा, त्याला हातात घेऊन रस्त्यावर यायचे, आणि हे काम बापाकडून मुलाकडे जायचे. कोणत्याही सरकारी स्मारकाला हे जमलेले नाही. पण कोणत्या लढाईत, कोणाच्या बाजूने, कोणत्या कारणाने तो गेला, असे विचारले तर घर गप्प होते. भक्ती टिकली, हकीकत गेली.

हकीकत गेली की तिची जागा रिकामी राहत नाही. कोल्हापूर जिल्ह्यात नेसरीला प्रतापराव गुजरांचे स्मारक आहे. 1674 मध्ये बहलोलखानाच्या फौजेवर ते मोजक्या स्वारांनिशी तुटून पडले आणि मारले गेले. कुसुमाग्रजांच्या कवितेने आणि लतादीदींच्या आवाजाने ते सात घोडेस्वार प्रत्येक मराठी घरात पोचले. पण त्या सातांपैकी प्रतापरावांचे नाव पक्के आहे. बाकी सहांची म्हणून जी नावे सांगितली जातात, त्यांना समकालीन कागदाचा भक्कम आधार नाही. लोकांना नावे हवी होती, म्हणून ती आली. मी त्या लोकांना दोष देणार नाही. नाव नसलेल्या माणसासाठी रडता येत नाही, म्हणून त्यांनी नाव दिले. पण ज्यांनी तेव्हाच लिहून ठेवायला हवे होते त्यांनी लिहिले नाही, ही चूक पुन्हा पुन्हा होत आली आहे, आणि तिची किंमत नेहमी साध्या स्वाराने मोजली आहे. सेनापतीचे नाव राहतेच.

दगडावर नाव असेल तर काय होऊ शकते, याचे सर्वांत मोठे उदाहरण पुण्याजवळ भीमा कोरेगावला आहे. 1 जानेवारी 1818 च्या लढाईनंतर ईस्ट इंडिया कंपनीने तिथे स्तंभ उभारला तो स्वतःच्या विजयासाठी. त्यावर पडलेल्या शिपायांची नावे कोरली. कंपनीच्या दृष्टीने ती हजेरीपटावरची नावे होती. पण त्यांतली अनेक ‘नाक’ने संपणारी, म्हणजे महार शिपायांची होती. पुढे इंग्रज सरकारने महारांची सैन्यभरती बंद केली. ज्या समाजाला लढवय्या म्हणून नोकरी नाकारली जात होती, त्याच्या हाती त्या नावांमुळे दगडी पुरावा आला. 1 जानेवारी 1927 रोजी डॉ. आंबेडकर तिथे गेले आणि तेव्हापासून त्या जागेचा अर्थ कंपनीच्या हातातून सुटला तो सुटलाच. 1941 मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली, तेव्हा तिच्या टोपीवरच्या बिल्ल्यावर हाच स्तंभ होता. आज लाखो माणसे तिथे येतात ती कंपनीच्या विजयासाठी येत नाहीत. आपल्या ज्या पूर्वजांना जगाने माणूस म्हणून मोजले नाही, त्यांच्या धैर्याची साक्ष पाहायला येतात.

ही गर्दी ज्यांना खुपते, त्यांनी थोडे थांबून पाहावे की शंभर वर्षे एखादे स्मारक जिवंत ठेवायला काय लागते. सरकारी अनुदानाने ते होत नाही. ज्यांचे काही पणाला लागलेले आहे अशी माणसे लागतात, एक ठरलेला दिवस लागतो आणि वाचता येईल असे नाव लागते. कोरेगावच्या त्या स्तंभावरही आकडाच असता, तर हे काही घडले नसते.

इथे एक आक्षेप येतो आणि तो हलका नाही. पहिल्या महायुद्धातले आपले शिपाई साम्राज्यासाठी मेले. ज्या राज्याविरुद्ध आपण स्वातंत्र्यलढा दिला, त्याच्यासाठी मेलेल्यांचे कौतुक कशाला? स्वातंत्र्यानंतर आपण त्यांच्याकडे पाठ फिरवली, ती याच अवघडलेपणामुळे. दिल्लीच्या राष्ट्रीय युद्धस्मारकात 1947 नंतरच्या शहिदांची नावे आहेत. 25 फेब्रुवारी 2019 रोजी ते उघडले तेव्हा ती 25,942 होती. आधीची माणसे इंडिया गेटच्या भिंतींवर राहिली, तीही सगळी नाहीत. 1972 पासून तिथे तेवत असलेली अमर जवान ज्योत जानेवारी 2022 मध्ये नव्या स्मारकातल्या ज्योतीत विलीन केली, तेव्हा यावर थोडी चर्चा झाली आणि विरली.

माझे उत्तर असे की, स्मरण म्हणजे कौतुक असा अर्थ आपण का घ्यावा? खटावच्या नाहीतर चिपळूणच्या कोरडवाहू शेतकऱ्याचा मुलगा 1915 मध्ये भरतीच्या मेळाव्याला गेला, तेव्हा त्याच्यापुढे साम्राज्य नव्हते. सावकाराचे कर्ज होते, पाऊस न झालेला मृग होता, महिन्याला 11 रुपये पगार होता आणि पाटलावर माणसे पुरवण्याचा दबाव होता. आपल्या पुढाऱ्यांचाही भरतीला सरसकट विरोध नव्हता. गांधीजी 1918 मध्ये खेडा जिल्ह्यात स्वतः भरतीसाठी फिरले होते. तेव्हा मोठ्या माणसांची राजकीय गणिते एका अशिक्षित शिपायाच्या माथी मारून त्याला विसरणे हा अन्याय आहे. तो कोणासाठी मेला हा प्रश्न जरूर विचारावा. पण तो विचारायलाही तो कोण होता हे आधी माहीत असायला हवे.

आणि सगळेच लढताना मेले असेही नाही. मेसोपोटेमियात कॉलरा, हगवण, उष्माघात, स्कर्व्ही यांनी गोळीइतकीच माणसे गिळली असतील. खेचरवाले, भिस्ती, डोलीवाले, रस्ता बांधणारे मजूर यांच्या हातात तर बंदूकही नव्हती. शौर्याच्या भाषेत त्यांना जागा नसते. जुलै 1944 मध्ये इटलीत टायबरच्या खोऱ्यात नाईक यशवंत घाडगे यांच्या तुकडीतले बाकी सगळे ठार किंवा जखमी झाले, तेव्हा ते एकटे मशीनगनच्या ठाण्यावर धावून गेले आणि पडले. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. रायगड जिल्ह्यात माणगावला त्यांचा पुतळा आहे, इटलीत मोंतोने गावात 2023 मध्ये त्यांच्या नावाने स्मारक झाले. हे सारे योग्यच आहे. पण त्यांच्या आधी क्षणभर जे कोसळले, त्यांची नावे माणगावातही कोणी घेत नाही. वीराची आठवण इतकी झळाळते की तिच्याशेजारी पडलेली माणसे अंधारात जातात.

आजच्या हुतात्म्यांच्या बाबतीत आपण अधिक शहाणे झालो आहोत का? सीमेवरून पार्थिव येते. रस्त्याच्या दुतर्फा शाळेची मुले उभी असतात, फुलांनी सजवलेली गाडी, ‘अमर रहे’च्या घोषणा, हवेत फैरी. त्या दिवशीचे गावाचे रडू खरे असते; त्यात खोट काढणारा मी नव्हे. मग चौकात पुतळा होतो, शाळेला कमान होते. पंधरा ऑगस्टला वीरमातेला आणि वीरपत्नीला व्यासपीठावर बसवतात, शाल-श्रीफळ देतात, टाळ्या वाजतात. पाहुणे भाषण करतात. त्या बाईंच्या हातात माइक कोणी देत नाही. तिचा मुलगा कसा होता, त्याला फौजेत का जायचे होते, शेवटच्या सुट्टीत तो काय बोलून गेला, तो गेल्यावर घर कसे चालले, हे तिच्याइतके कोणालाच ठाऊक नसते आणि तेच कोणी विचारत नाही. दहा-पंधरा वर्षांत ती माउली जाते आणि तिच्याबरोबर सगळी हकीकत जाते. उरतो पुतळा, त्याखाली नाव, जन्म-मृत्यूच्या तारखा. 1919 च्या पाटीपेक्षा हे थोडे अधिक आहे, पण पुरेसे नाही.

परदेशात जे घडते ते पाहिले की हे काम अवघड नाही हे कळते. इंग्लंडमध्ये ब्रायटनजवळच्या टेकडीवर, जिथे पहिल्या महायुद्धात जखमी होऊन मेलेल्या हिंदू आणि शीख सैनिकांवर अंत्यसंस्कार झाले, तिथे 1921 मध्ये संगमरवरी छत्री उभारली. तिच्यावरही नावे नव्हती. तिथला सोहळा मध्यंतरी बंद पडला होता. तो पुन्हा सुरू करायला तिथल्याच लोकांनी पुढाकार घेतला, आणि तिथे दहन झालेल्या 53 जणांची नावे 2010 मध्ये शेजारी कोरली गेली. पंजाबातल्या 3 लाख 20 हजार सैनिकांच्या गाववार नोंदी लाहोरच्या संग्रहालयात शतकभर पडून होत्या. त्याही ब्रिटनमधल्या पंजाबी मंडळींनी खटपट करून लोकांपुढे आणल्या. आज अनेक पंजाबी माणसे आपल्या गावाचे नाव घालून पणजोबा शोधू शकतात. मराठी माणसाने आपल्या पणजोबासाठी असे काही उभे केलेले नाही. पुण्यात खडकीला त्याच जुन्या कमिशनच्या देखभालीखालचे युद्धस्मारक आहे. जिथल्या कबरी राखणे शक्य राहिले नाही अशा 1800 हून अधिक सैनिकांची नावे तिथे एकत्र कोरली आहेत. हिरवळ कातरलेली असते, दगड स्वच्छ असतो. आपणही त्या कमिशनचे सदस्य आहोत, भारत सरकार त्याच्या खर्चाचा वाटा उचलते. मग आपल्या गावच्या नावांवर आपला हक्क सांगायला कशाची आडकाठी आहे?

आडकाठी खरोखर कशाचीही नाही. बसऱ्याच्या दगडावर न कोरलेली नावे कागदावर होती आणि ती आता कमिशनच्या संकेतस्थळावर कोणालाही शोधता येतात. अनेक नोंदींत वडिलांचे नाव, गाव आणि जिल्हासुद्धा आहे. इंग्रजी स्पेलिंगमुळे गावांची नावे ओळखू येणार नाहीत इतकी बदललेली असतात. ती ओळखणे हे मुंबईच्या नाहीतर लंडनच्या विद्वानाचे काम नव्हे, ज्याला आजूबाजूच्या वाड्या-वस्त्या माहीत आहेत त्याचे आहे. गावातल्या शाळेचे गुरुजी, माजी सैनिक, मोबाइल हाताळणारी चार मुले आणि आडनावांचा गुंता सोडवणारी एखादी आजी, एवढ्यांनी बसून काही संध्याकाळी हे काम केले तर चावडीवरच्या आकड्यातली बरीचशी माणसे नावानिशी परत मिळतील. सगळी मिळणार नाहीत. जेवढी मिळतील तेवढी ग्रामपंचायतीच्या वहीत लिहावीत, आणि प्रत्येकापुढे दोन ओळी लिहाव्यात: कुठे गेला, कशाने मेला, मागे कोण होते. नंतरच्या युद्धांत गेलेल्यांची नोंद त्याच वहीत, त्यांच्या आईच्या किंवा पत्नीच्या तोंडून ऐकून करावी. त्या हयात आहेत तोवर करावी.

ग्रामसभा 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबरला भरते. झेंडावंदन झाल्यावर पाहुण्यांच्या भाषणाआधी ही वही उघडून नावे मोठ्याने वाचायला दहा मिनिटे पुरतील. येत्या 15 ऑगस्टच्या ग्रामसभेत तुमच्या गावात हा ठराव कोणीतरी मांडायला हवा. पाटी तुमच्या गावात असेल तर तो तुम्हीच मांडा.